भोंगा थांबला, पाळी घरात आली

सोलापुरात ज्यांचे बालपण गेले, त्यांना सकाळच्या दोन हाका हमखास आठवतात. एक फज्रची अजान आणि दुसरा गिरणीचा भोंगा. आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होते, पण दादी त्याच्याकडे क्वचितच पाहायची. पहिला भोंगा झाला की ती चुलीवर तवा ठेवायची. दुसऱ्या भोंग्यापर्यंत आजोबांच्या डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि कांदा गेलेला असायचा. तिसऱ्या भोंग्याच्या आत आजोबा फाटकात शिरलेले असायचे. उशीर झाला आणि फाटक लागले, तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. ‘भोंगा हुआ, उठो’ हे दादीचे वाक्य घरातल्या प्रत्येकाच्या कानात बसले होते.

आज भोंगा वाजत नाही. गिरण्यांच्या जागी कुठे पडक्या भिंती आहेत, कुठे नुसती चिमणी, कुठे नवी वसाहत. पण सोलापूरच्या कष्टकरी वस्त्यांत सकाळी फिरून पाहा. कुणाच्या ओसरीवर कात्रीचा आवाज येतो, कुणाच्या मागच्या खोलीत यंत्रमाग धडधडतो, कुणाच्या दारात टॉवेलच्या गड्ड्या पडलेल्या असतात. गिरणी बंद झाली म्हणून काम संपले नाही. ते फाटकातून बाहेर पडले आणि आपल्या घरात येऊन बसले. आणि घरात आल्यावर त्या कामाला काम म्हणणेच आपण सोडून दिले.

गिरणगाव कसे घडले

सोलापूरची विणकामाची ओळख गिरण्यांपेक्षा जुनी आहे. इथे साळी, कोष्टी, पद्मशाली आणि मोमीन विणकर हातमागावर कापड विणत. पद्मशाली कुटुंबे तेलंगणातून, निजामाच्या मुलखातून आली. सोलापूरच्या पूर्व भागात आजही घरोघरी तेलुगू बोलली जाते. मोमीन घरांतून दखनी ऐकू येते, लिंगायत घरांतून कन्नड आणि बाजारात सगळ्यांची मिळून मराठी. हातमागाचे काम तेव्हाही घरातच होते. पुरुष मागावर बसे, बायका आणि मुले कांड्या भरत, ताणा तयार करत. कापड विकले गेले की त्याचे पैसे घराचे. त्यात बायकोचा वाटा किती, हे कुणी वेगळे मोजत नसे.

१८६० च्या सुमारास रेल्वे आली. मुंबईकडे जाणारा कापूस आणि येणारा माल यांच्यासाठी सोलापूर मोठे ठाणे झाले. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. लोक तिला पुढे ‘जुनी मिल’ म्हणू लागले. तो काळ दख्खनच्या भीषण दुष्काळाचा होता. शेतात पीक नाही, घरात दाणा नाही, अशी माणसे खेड्यांतून शहराकडे निघाली आणि गिरण्यांना मजूर मिळाले. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. चाळी वाढल्या, पेठा वाढल्या. गावाचे सगळे वेळापत्रक पाळीवर बसले.

गिरणीतही बायका होत्या. रिळावर सूत घेणे, बॉबिन भरणे ही कामे त्या करत. हळूहळू यंत्रे बदलली आणि त्यांची संख्या घटत गेली. पुरुषाची नोकरी ‘कायम’ आणि बाईची ‘बदली’ असा प्रकार बहुतेक घरांनी पाहिला. तरीही गिरणीत एक गोष्ट होती. आत गेलेल्याचे नाव हजेरीपटावर असे. कामाचे तास ठरलेले असत. स्वातंत्र्यानंतर भविष्य निर्वाह निधी आला, कामगार विम्याचा दवाखाना आला. आजोबा आजारी पडले तेव्हा त्यांच्या हातात एक कार्ड होते. त्या कार्डावर दादीलाही औषध मिळत असे.

याच मजुरांनी इतिहास घडवला

हजेरीपटावरच्या या माणसांनी १९३० मध्ये इंग्रज सरकारला हादरवले. मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि सोलापूर रस्त्यावर उतरले. गिरण्या थांबल्या. गोळीबार झाला, माणसे पडली. पुढे काही दिवस शहरात सरकारची सत्ताच उरली नव्हती. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली गेली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. चौघे वेगवेगळ्या समाजांतले. कुर्बान हुसेन ऐन विशीतले, वृत्तपत्र चालवणारे आणि गिरणी कामगारांत वावरणारे. सोलापूरकर आजही ही चार नावे एका दमात घेतात.

याच जिल्ह्यातल्या बार्शीत १९१६ मध्ये मेहबूब हुसेन पटेल जन्मले. त्यांना सारा महाराष्ट्र शाहीर अमर शेख या नावाने ओळखतो. बसवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, असा त्यांचा प्रवास. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने मैदाने भरली. मराठी ही आपली भाषा आहे की नाही, असा प्रश्न आजही कुणी विचारला, तर सोलापूरच्या मुस्लिम कामगारांना उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही.

गिरण्या गेल्यावर

सर्वांत आधी जुनी मिल गेली. १९९० च्या दशकात लक्ष्मी-विष्णूचा भोंगा थांबला. नंतर नरसिंग गिरजीही बंद झाली. ज्या घरातला कर्ता माणूस पंधरा-वीस वर्षे एकाच फाटकातून आत जात होता, तो एका सकाळी घरीच राहिला. कुणी रिक्षा घेतली, कुणी हातगाडी लावली, कुणी पुण्या-मुंबईला गेला, कुणी भिवंडीची वाट धरली. बरेच जण यंत्रमागाच्या कारखान्यांत गेले.

सोलापूरची चादर आणि टॉवेल साऱ्या देशाला माहीत आहेत. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. जॅकार्डवर विणलेला मोर किंवा फुलांची नक्षी असलेली ती जाड चादर लग्नाच्या रुखवतात असते, ईदला पाहुण्यांसाठी अंथरली जाते. ती विणणारा माणूस बहुधा पत्र्याच्या शेडमध्ये बारा तासांची पाळी करतो. मजुरी नगावर. माग चालला तर पैसे, वीज गेली तर नाही. मागांच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, म्हणून कामगार हातवाऱ्यांनी बोलतात. कित्येकांना उतारवयात कमी ऐकू येऊ लागते. घरचे म्हणतात, ‘अब्बा अलीकडे लक्षच देत नाहीत.’

आणि या चादरीमागे बायका असतात, ज्या कुठेच दिसत नाहीत. कांडी भरणे, टॉवेलच्या कडा शिवणे, दोऱ्याची टोके कापणे, घड्या घालणे. अलीकडे शाळेच्या गणवेशांचा धंदा वाढला, तेव्हा काजे-बटणांचे कामही घरी येऊ लागले. शिलाई मशीन तिचे, वीजबिल तिचे, जागा तिची. मजुरी तेवढी ठरवणारा दुसरा.

अम्मीचा दिवस

पण गिरण्या पडल्यानंतर सोलापूरच्या हजारो घरांना खरे कुणी सावरले असेल, तर विडीने. तेलुगू भगिनींची संख्या यात सर्वांत मोठी, आणि मुस्लिम वस्त्यांतही घरोघरी सूप मांडीवर घेतलेल्या बायका दिसतात. आमची अम्मी त्यांच्यातलीच एक.

तिचा दिवस आदल्या रात्री सुरू होई. तेंदूची पाने पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटात बांधून ठेवायची, म्हणजे सकाळी ती मऊ होतात. फज्रनंतर ती पाने काढून बसे. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने एकेक तुकडा कापायचा. शिरा जाड असतील तर काढायच्या. मग मांडीवरच्या सुपातून चिमूटभर तंबाखू पानावर पसरायचा, वळायचे, दोरा बांधायचा आणि नखाने तोंड मोडायचे. पंचवीस विड्यांचे एक बंडल, चाळीस बंडलांच्या हजार विड्या. सरावलेल्या हातालाही त्यात दिवस जातो. मध्येच स्वयंपाक, पाणी, मुलांची शाळा, सासूचे औषध. तिला कुणी विचारले, ‘दिवसभर काय करता?’ तर ती म्हणे, ‘कुछ नहीं, घरमेच रहती.’

कारखान्यात माल द्यायला जायची तिची धास्ती मला अजून आठवते. रांगेत बसायचे, पाळी आली की विड्या पुढे करायच्या. तपासणारा बंडल हातात घेऊन पाहतो आणि बारीक, सैल, फाटक्या पानाच्या विड्या बाजूला काढतो. ती ‘छाट’. छाटीची मजुरी मिळत नाही. पाने खराब आली तर हजार विड्या भरायला बाजारातून आपल्या पैशाने पाने आणावी लागतात. त्या पैशाचा हिशेब कुणी धरत नाही. छाट जास्त निघाली त्या दिवशी अम्मी घरी येऊन काही बोलत नसे. आम्ही मुले मात्र तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहून ओळखायचो.

रमजानमध्ये काम थांबत नसे. उलट ईदचे कपडे, शिरखुर्म्याचे दूध, फितरा यासाठी दोनशे-चारशे विड्या जास्त वळाव्या लागत. रोजा असताना तंबाखूचा धुरळा नाकातोंडात जाऊन तिला खोकला यायचा आणि पाणी पिता येत नसे. विजापूर वेशीतल्या मीना बाजारातून तिने आमच्यासाठी बांगड्या आणल्या, स्वतःसाठी कधी काही आणल्याचे आठवत नाही.

एकदा मी सहज हिशेब केला. रोज हजार विड्या, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर वर्षाला तीन लाख. तीस वर्षांत नव्वद लाख. इतक्या वेळा तिची बोटे त्याच जागी वाकली, त्याच जागी दोरा ओढला गेला. तिच्या उजव्या अंगठ्याला पडलेली चीर कधी बुजलीच नाही.

एक फॉर्म

आता जी गोष्ट सांगायची आहे, ती सांगताना मला संकोच वाटतो. नववीत असताना शाळेत एक फॉर्म भरायचा होता. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘गिरणी कामगार’ लिहिले. तेव्हा गिरणी बंद होऊन बराच काळ गेला होता. ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात लिहिले, ‘गृहिणी’. फॉर्म भरण्यासाठी लागलेले पैसे अम्मीने पदराच्या गाठीतून काढून दिले होते, विडीच्या मजुरीतले.

काही दिवसांनी वर्गातल्या एका मुलीला शिष्यवृत्ती मिळाली. तिची आईही विडी वळायची. विडी कामगारांच्या मुलांसाठी सरकारची शिष्यवृत्ती असते, हे मला तेव्हा कळले. मी घरी येऊन अम्मीला विचारले, तर तिने ट्रंक उघडली. खाली, लग्नाच्या साडीखाली तिचे ओळखपत्र होते, फोटोसकट. ते कशासाठी आहे, हे तिला कुणी नीट सांगितले नव्हते आणि आम्ही कधी विचारले नव्हते. मुदत निघून गेली होती. अम्मी म्हणाली, ‘जाने दे, अगले साल देखेंगे.’ मला शिष्यवृत्ती गेल्याचे दुःख कमी होते. जिच्या हातावर घर चालले होते, तिला मी माझ्याच अक्षरात ‘काहीच न करणारी’ ठरवले होते, ते जास्त लागले.

कायदा दारापर्यंत येतो

खरे तर कायद्याने ही चूक फार पूर्वी दुरुस्त केली होती. १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. घरी बसून विडी वळणारी बाईही कामगार आहे, हे त्यात मानले गेले. मालकांनी त्याला आव्हान दिले, पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधी आला. दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरासाठी मदत त्यातून मिळू लागली. १९७७ मध्ये विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधी लागू झाला. त्यावरही वाद झाला. घरी काम करणाऱ्यांना तो कसा लागू होईल, असे मालक म्हणाले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घरखाती काम करणाऱ्यांनाही तो लागू आहे. गिरणी कामगाराला जो हक्क १९५२ च्या कायद्याने मिळाला, तो विडी वळणाऱ्या बाईपर्यंत पोहोचायला इतकी वर्षे लागली.

पण काही ठिकाणी कायदा दारातच थबकतो. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडीचे काम मुलांसाठी बंद केले, मात्र घरच्यांना मदत करणाऱ्या मुलांना त्यातून वगळले. शाळेतून आलेली मुलगी दप्तर ठेवून पाने कापायला बसे, तेव्हा ती कुणाच्या लेखी कामगार नसे. २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला, तेव्हा विडीवरचा कल्याण उपकर बंद झाला. ज्या पैशांवर त्या योजना चालत होत्या, त्याचा झराच आटला.

घराच्या बाबतीत मात्र सोलापूरच्या बायकांनी मोठी गोष्ट करून दाखवली. ज्येष्ठ कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार महिला एकत्र आल्या. मोर्चे काढले, बचत केली, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. कुंभारी इथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर योजना आली. तिच्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला. भाड्याच्या एका खोलीत आयुष्य काढलेल्या बाईला स्वतःच्या दाराची किल्ली मिळाली. गोदूताई वसाहतीत हिंदू-मुस्लिम, तेलुगू-मराठी-दखनी अशी घरे शेजारी-शेजारी आहेत. संध्याकाळी ओट्यावर पाने कापताना गप्पा कोणत्या भाषेत चालल्या आहेत, हे सांगणे कठीण.

विडी वळावी का?

हा प्रश्न टाळता येणार नाही. तंबाखू माणसाचे शरीर पोखरतो. ओढणाऱ्याचे तर पोखरतोच, वळणारीचेही. विडी कामगार बायकांत खोकला, दमा, कंबर-मानेचे दुखणे, डोळ्यांची जळजळ नेहमीची. दोन खोल्यांच्या घरात तंबाखूचे सूप आणि तान्ह्याचा पाळणा शेजारी असतात. ज्यांच्या घरी आपण ‘तंबाखू वाईट’ असे सांगायला जातो, त्यांना ते आपल्याआधी माहीत असते. अम्मी म्हणायची, ‘अच्छा नहीं है, मालूम है. दुसरा काम दे दो, आज छोडती.’

२०२० च्या टाळेबंदीत पाने-तंबाखू मिळणे थांबले, तेव्हा या घरांत काय झाले ते सोलापूरकरांनी पाहिले. म्हणून ‘सोडा’ म्हणण्याआधी ‘पुढे काय’ याचे उत्तर समाजाने दिले पाहिजे. शिलाई, परिचारिका, संगणक, खाद्यपदार्थ, काहीही असो, मुलींना दहावी-बारावीनंतर शिकता येईल एवढी सोय व्हायला हवी. आमच्या घरात अम्मीने एक नियम केला होता. आम्हा बहिणींना स्वयंपाक शिकवला, शिवणही शिकवले, पण कात्री आणि साचा हातात दिला नाही. विडी वळता येणारी मुलगी लग्नाच्या बाजारात चांगली समजली जाई, हे माहीत असूनही तिने तसे केले.

आपल्या घरात काय करता येईल

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, सरकारकडे मागण्या करायच्याच आहेत. पण काही कामे आपल्या घरात आजच करता येतात.

पहिले काम नावांचे. आपल्या बायकांची नावे कागदोपत्री तीन ठिकाणी तीन तऱ्हेची असतात. ओळखपत्रावर ‘बी’, आधारवर ‘बेगम’, बँकेत नुसते ‘शेख’, कुठे वडिलांचे नाव तर कुठे पतीचे. निर्वाह निधीचे पैसे काढायची वेळ येते तेव्हा हे जुळत नाही आणि बाई महिनोन्महिने चकरा मारते. ती धडधाकट असतानाच सगळी नावे एक करून घ्या.

दुसरे, ट्रंकेतले कागद बाहेर काढा. तिचे ओळखपत्र, निधीचा क्रमांक, पासबुक. घरात शिकलेली मुले असतील तर त्यांनी ते वाचून तिला समजावून सांगावे. वारसाचे नाव लावले आहे का, तेही पाहावे.

तिसरे, तिची मजुरी तिच्या खात्यात राहू द्या. इस्लामने बाईच्या कमाईवर तिचाच हक्क मानला आहे, हे आपण व्याख्यानांत अभिमानाने सांगतो. घरात ते पाळतो का, याचा प्रत्येकाने विचार करावा.

चौथे, खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर तपासणी करा. ‘विडीवालीला खोकला असतोच’ म्हणून सोडून देऊ नका.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती मालकासाठी आहे तशी घरासाठीही आहे. घरात बसून गाळलेला घामही घामच असतो.

गेल्या जूनमध्ये माझ्या भाचीच्या शाळेचा फॉर्म आला. धाकटी बहीण शिवणकाम करते, टॉवेलच्या कडा शिवते. मेव्हणे फॉर्म भरत होते. ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. माझ्याकडे पाहून ते हसले आणि त्यांनी लिहिले, ‘शिलाई कामगार’. बहिणीने ते दोनदा वाचले. मग मशीनवरून उठून हात पुसले आणि खाली सही केली.